मनूच्या वाट्याची खिरणी

वैशाख लागला की आमच्या गल्लीत दुपारी माणूस दिसत नाही. रिसोडचं ऊन म्हणजे थट्टा नाही. डांबर मऊ पडतं, कुत्री नालीत जाऊन बसतात आणि कूलरमध्ये पाणी टाकता टाकता माझ्यासारख्या रिटायर माणसाचा दिवस निघून जातो. अशा दुपारी आमच्या अंगणात बारीक टपटप सुरू होते. नवख्याला वाटावं, कुठे तरी नळ गळतोय. नळ नसतो, खिरणी पडत असते. यंदाही पडायला लागली आहे. मी खाट ओढून झाडाखाली घेतली आहे आणि हातात पाखरं हाकायची काठी आहे. काठी आपली नावाला. बुलबुल माझ्या डोक्यावर बसून खातात आणि बिया माझ्याच अंगावर टाकतात. खाऊ देत. पूर्वी मी त्यांच्याशी भांडायचो, आता भांडण राहिलं नाही.

खिरणी म्हणजे काय, हे हल्ली सांगावं लागतं. लिंबोळीच्या घाटाचं पिवळंधमक फळ, तिच्याहून थोडं मोठं. पहिल्यांदा पाहणारा तोंड वाकडं करतो, हातावर ठेवून नुसता पाहत राहतो. एकदा खाल्लं की मात्र दुसऱ्यासाठी हात आपोआप पुढे येतो. गोडी दाट, दुधाळ. आणि चीक असा, की झाडावरून तोडून लगेच चार-दोन खाल्ली तर ओठ एकमेकांना धरून बसतात. म्हणून तोडलेली खिरणी रात्रभर टोपलीत पसरून ठेवायची, चीक बसला की खायची. जास्त झाली तर उन्हात वाळवायची. वाळली की मनुकांसारखी सुरकुतते आणि वर्षभर टिकते. बाजारात एखाद्या वर्षी एखादी म्हातारी टोपली घेऊन बसलेली दिसते, आणि पोरं तिला विचारतात, "आजी, निंबोऱ्या इकून राह्यली काय व?"

मी ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. रिसोड-मालेगावकडची खेडी मोटारसायकलवर पालथी घातली. अडलेली गाय सुटली की मालक चहा टाकायला सांगायचा आणि मी विचारायचो, "पाटील, तुमच्या वावराच्या धुऱ्यावर, त्या बांधावर, ते झाड कशाचं आहे?" परतताना माझ्या डिकीत औषधं कमी आणि रोपटी जास्त असायची. आमच्या ले-आउटमध्ये सगळ्यांनी अंगणात फरश्या बसवल्या, मी फालसा लावला. मग महाळुंग, मग अंजीर, मग चिकट गराच्या बारीक फळांचं गोंदण, आणि चारोळी. चारोळीचं झाड आमच्याकडे जगणार नाही म्हणून लोकांनी सांगितलं होतं, ते जगलं. उन्हाळ्यात तिची काळी फळं चोखून खायची, आतल्या बिया वाळवायच्या आणि त्या जात्यावर अलगद भरडून आतला दाणा काढायचा. हात जरा जड पडला की दाण्याचा भुगा. ते काम माझ्या बायकोचं, शोभाचं.

शोभा बोलायला तिखट आणि हाताला गोड. "अवो, बजारात भेटते असं एखांदं तरी झाड लावा नं," ती म्हणायची. "घरी पावना आला तं त्याच्यापुढं काय ठेवू, गोंदनं?" असं म्हणायची आणि आलेल्या पाहुण्यापुढे गोंदणंच ठेवायची, वर त्यांच्या गुणांचं कौतुकही करायची.

प्लॉट घेतला तेव्हा कोपऱ्यात बिब्याचं एक झाड आधीपासून उभं होतं. बिब्याचं झाड घराजवळ कोणी ठेवत नाही, कारण तो उततो. त्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात, सूज येते. पण बिबा फोडला की आतून गोडंबी निघते, आणि शोभाच्या हिवाळ्यातल्या लाडवांत गोडंबी लागायचीच. हाताला खोबरेल चोपडून ती बिबे फोडायला बसायची. एका पौषात आमच्या मनूने, तेव्हा ती शाळेतही जात नव्हती, बिब्याच्या टोकाचं केशरी फूल खायला घेतलं आणि फुलासोबत बिबाही चावला. सकाळी पाहतो तो पोरीचे डोळे सुजेत गडप. शोभाने तीळ-खोबरं वाटून तिच्या तोंडाला थापलं, आणि थापता थापता मला सांगितलं, "आज ह्या घरात हे झाड तरी राहीन, नाही तं मी तरी." मी झाड तोडलं. पुढच्या हिवाळ्यात लाडू करताना ती म्हणाली, "गोडंबी नाही, तं ह्या लाडवाले काय चव! कोनं सांगतलं होतं तुमाले झाड तोडाले?" मनू पोट धरून हसली. मनीषा तिचं शाळेतलं नाव, आमची मनू. एकुलती एक.

ही सगळी झाडं माझ्या हौसेची. खिरणी तेवढी मी शोभासाठी लावली.

तिचं माहेर कामरगाव. घराला लागून एका चाचींचं घर होतं, आणि त्यांच्या अंगणात खिरणीचं जुनं झाड. चाची झाडाखाली धुतलेली चादर अंथरायच्या, चाचा वरून फांदी हलवायचे आणि गल्लीतली सगळी पोरं चादरीच्या चार बाजूंना बसायची. पहिली मूठ शोभाची, कारण ती सगळ्यांत धाकटी. लग्नानंतर रिसोडला आली तरी वैशाख लागला की ती खिरणीचा विषय काढायचीच. एकदा आम्ही कामरगावला गेलो तेव्हा मी चाचींकडे एक रोप मागितलं. त्यांनी डालड्याच्या डब्यात लावलेलं रोप माझ्या हातात दिलं. मनू तेव्हा शोभाच्या कडेवर होती. चाची म्हणाल्या, "दामादजी, ये सब्र का पेड़ है. जल्दी मत करना. तुम्हारी बच्ची खाएगी." पुढे कामरगावचा रस्ता रुंद झाला आणि चाचींचं झाड गेलं.

खिरणी किती सावकाश वाढते, ते लावल्याशिवाय कळत नाही. मनू वाढली, झाड वाढेना. ती दर वर्षी झाडाशेजारी उभी राहून उंची मोजायची आणि दर वर्षी जिंकायची. चैत्रात नवी पालवी आली की विचारायची, "बाबा, यंदा लागन?" मी म्हणायचो, पुढच्या साली. एका नर्सरीवाल्याने मला वेड्यात काढलं. खिरणीच्या खुंटावर चिकूचं कलम बांधतात, तेवढ्यासाठीच ती लावतात, म्हणाला. कापून टाका, कलम बांधून देतो, तीन वर्षांत चिकू खाल. घरी येऊन सांगितलं तर मायलेकी दोघी माझ्यावर तुटून पडल्या. मनूला खिरणीच पाहिजे होती. तिने ती कधी पाहिलीही नव्हती, पण शोभाने तिला इतक्यांदा ऐकवली होती, की चव कशी असते हे ती आपल्या मैत्रिणींना सांगायची. ओठ चिकटतात हेसुद्धा करून दाखवायची.

शिकून ती अकोल्याला एका लॅबमध्ये लागली. तिथे दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. फोनवर आधी आईची चौकशी, मग माझी, मग खिरणीची. "बाबा, फूल तरी आलं का?" फूल आलं नव्हतं.

भादव्यात तिला ताप आला. साधा वाटला, मग दवाखान्यात टाकलं, मग रक्तातल्या पेशी कमी होत गेल्या. ती स्वतः लॅबमधली, रिपोर्ट आमच्याआधी तिला कळायचा, आणि ती तो आम्हाला हसून सांगायची. आठवडाही पुरा झाला नाही. मी अकोल्याहून रिकामी बॅग घेऊन आलो. याच्यापलीकडे मला त्याबद्दल लिहिता येत नाही, आणि लिहायचंही नाही.

वर्षश्राद्धानंतर आम्ही यात्रेच्या बसने काशी-गयेला गेलो. गयेला पिंड दिल्यावर अक्षयवटाखाली एक फळ सोडायचं असतं. ज्याच्या नावानं सोडलं, त्याच्यासाठी ते जन्मभर खायचं नाही. आपल्याकडची माणसं यात फार हुशार असतात. बसमधल्या एकाने अननस सोडला, त्याला तो बाधायचाच. एका बाईने लिची सोडली, तिने ती जन्मात पाहिली नव्हती. शोभाची पाळी आली. पंडा म्हणाला, "माताजी, फल बोलिए." ती म्हणाली, "खिरनी."

बसमध्ये कोणी तरी हसून म्हणालं, "वैनी, हुशार निंगाल्या. जे भेटतच नाही ते सोडलं." मी मात्र तिला रागाने बोललो. तुझ्यासाठी डालड्याच्या डब्यातून आणलं, बारा गावचं शेणखत आणून घातलं, आणि तू तेच सोडून मोकळी झालीस? ती खिडकीबाहेर पाहत होती. म्हणाली, "पोट्टीनं इतके वर्स वाट पाह्यली अन् चाखली नाही. मी कोन्या तोंडानं खाऊ?"

मग झाडाला फळ आलं. आमचं नशीब पाहा, गयेहून आल्यावर तिसऱ्याच वर्षी आलं, आणि असं आलं, की पानं दिसेनात. शोभाने ते निगुतीने उतरवलं. रात्रभर पसरून ठेवलं, वाट्या भरल्या, गल्लीत घरोघर पोचवल्या. स्वतः बोटसुद्धा चाटलं नाही. हाताचा चीक गोड्या तेलाने पुसायची आणि वर साबण लावायची. कोणी आग्रह केला तर म्हणायची, "मी लहानपनी लय खाल्ली." तिने सोडलेलं फळ मलाही गोड लागेना. मी एखादं खायचो, झाडाचा मान म्हणून. असे कितीतरी वैशाख गेले.

विसरायला ती कधी लागली, ते मला नक्की सांगता येणार नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं, त्याला मी वय म्हणालो. मग गल्लीतून घरी येण्याचा रस्ता चुकला. मग एका सकाळी चहा पिता पिता तिने विचारलं, "मनूचा फोन नाही आला?" मी खरं सांगितलं. तिने ते पहिल्यांदा ऐकलं. जशी अकोल्याच्या त्या दवाखान्यात ओरडली होती तशीच ओरडली, दिवसभर जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चहा पिता पिता विचारलं, "मनूचा फोन नाही आला?" तेव्हापासून मी सांगतो, येईन ती, सुट्टी भेटली का येईन. डॉक्टर म्हणाले, बरोबर करता. बरोबर की चूक, मला माहीत नाही. ते ओरडणं मला पुन्हा ऐकवणार नव्हतं.

गेल्या वैशाखात ती झाडाखाली बसली होती. मी नळावर बादली लावत होतो. पाहतो तर तिने पडलेली एक खिरणी उचलली, पदराने पुसली आणि तोंडाकडे नेली. माझ्या तोंडून निघालं, "थांब!"

"काहून?" तिने विचारलं.

काय सांगू? थांब म्हणायचं तर गया सांगावी लागणार, आणि गया सांगायची तर मनू सांगावी लागणार. नेम माझा नव्हता, तो मोडायचा अधिकार माझा नव्हता. पण तिला अडवायला लागणारे शब्दही माझ्याजवळ नव्हते. बादली भरून वाहायला लागली. ती माझ्याकडे पाहत होती, तोंड अर्धं उघडं, एखाद्या पोरीला आईने हटकावं तशी.

"काही नाही," मी म्हणालो. "खा."

तिने खाल्ली. डोळे मिटून, बी तोंडात घोळवत. आणि मग जे तिचं तोंड फुललं, ते मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं. "चाचीच्या झाडाचीच चव हाय जी!" ती म्हणाली. एवढंच पाहायला मी ते रोप आणलं होतं, आणि ते पाहताना मला नळाकडे तोंड फिरवावं लागलं.

तिने ओंजळ माझ्यापुढे केली. "घ्या नं."

"मले नको. मी सोडली खिरनी." हे मी ठरवून बोललो नाही. घरातल्या कोणी तरी तो शब्द पाळायला पाहिजे, एवढंच वाटलं.

"सोडली? कोनाच्या नावानं?" मग तिच्या कपाळाला आठी पडली. "कोन गेलं आपलं?"

"आई," मी सांगितलं. माझी आई जाऊन किती तरी वर्षं झाली होती.

"हो. लय चांगल्या होत्या मामीजी," शोभा म्हणाली, सासूला ती मामीजीच म्हणायची, आणि ओंजळीतली चांगली चांगली फळं वेचून पदरात बाजूला काढायला लागली. "ही मनूची. पोट्टीनं कधी चाखली नाही. मी सारी खाऊन टाकली तं म्हनीन, आईनं माह्यासाठी काहीच ठेवलं नाही."

पुढे रोज हेच. आधी मनूचा वाटा, त्यात डागाचं एक फळ चालायचं नाही, मग स्वतःचा. मनूचा वाटा मी टाकू शकत नव्हतो, खाऊ शकत नव्हतो. गच्चीवर नेऊन वाळवायचो आणि बरणीत भरायचो. चार दिवसांनी तिने विचारलं, "पाठवली का अकोल्याले?" मी म्हणालो, पाठवली. "काय म्हने?" "आवडली म्हने." तिचं समाधान झालं नाही. "निरा आवडली, इतकंच? काही बोलली असंन नं!" मग मी सांगितलं, की मैत्रिणींना दिली नाही, एकटीनेच खाल्ली, ओठ चिकटले तेव्हा कुठे थांबली. शोभा पोट हलेपर्यंत हसली. दुसऱ्या दिवशी मी आणखी काही जोडलं. त्या उन्हाळ्यात आमची मनू रोज खिरणी खात होती, आणि ती काय म्हणाली हे मी रोज दुपारी तिच्या आईला सांगत होतो. खोटं बोलताना मला बरं वाटायचं. ते दिवस संपू नयेत, असंच वाटायचं. पहिला पाऊस आला की खिरणीत अळी पडते, म्हणून आकाशात ढग दिसला तरी माझा जीव जायचा.

हिवाळा कठीण गेला. मनूचा फोन आला का, हे शोभाने विचारणं हळूहळू कमी झालं. कधी तरी ते बंद झालं. शेवटचं कोणत्या दिवशी विचारलं, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. विचारत नाही म्हणून मला हायसं वाटत होतं, असा मी मूर्ख.

परवा यंदाची पहिली टोपली उतरवली. काल सकाळी चीक बसल्यावर वाटी भरून तिच्यापुढे ठेवली आणि समोर बसलो. आता ती वेचायला लागेल, म्हणून वाट पाहत होतो. काय सांगायचं, तेही मी मनात जुळवून ठेवलं होतं. तिने एक खाल्ली, दुसरी खाल्ली. वेचलं काहीच नाही.

"मनूच्या वाट्याची?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. पाहुण्याला विचारतात तसं, हलक्या आवाजात विचारलं, "कोन मनू?"

मला त्या ओरडण्याची भीती वाटायची. आता वाटतं, ती ओरडत होती तेव्हा निदान आम्ही दोघं होतो. पोर जाऊन इतकी वर्षं झाली, पण मनू या जगात माझ्या एकट्याची कालपासून झाली. हात पुढे करून तिच्या वाटीतली चांगली चांगली फळं मीच वेचून बाजूला ठेवायला लागलो. चष्मा पुसावा लागला.

"कोनासाठी ठेवून राह्यले?" तिने विचारलं.

"हाय एक पोट्टी," मी म्हणालो. "अकोल्याले राह्यते. तिनं खिरनी कधी चाखली नाही."

"चाखलीच नाही?" शोभाच्या हातात एक खिरणी होती, ओठांपर्यंत गेलेली. ती तिने खाली आणली. जरा वेळ तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या ढिगात ठेवली. मग अख्खी वाटी माझ्याकडे सरकवली.

"मंग माह्या वाट्याची बी तिलेच द्या," ती म्हणाली. "मी लहानपनी लय खाल्ली."

आज पुन्हा वाटी पुढे केली, तर तिने हाताने परत लोटली.